शंभराला सहा

१

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन शिवत नाही. नवीन शिवायला घेतलं की गिऱ्हाईक फॅशन सांगायला लागतं, आणि मला कोणी काही सांगितलेलं आवडत नाही. पँट आखूड करणे, चेन बदलणे, कंबर सैल करणे, एवढंच. माणसं स्वतः फुगतात आणि कपडा आटला म्हणतात. त्या खोटेपणावर माझं घर चालतं, म्हणून मी मान डोलावते.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला उभा आरसा, आणि कोपऱ्यात कपडे बदलायला पडदा. पडदा मी मुद्दाम गुडघ्यापर्यंतच ठेवलाय. खाली पाय दिसले की आत माणूस आहे हे कळतं. पूर्ण पडदा होता तेव्हा एकदा दोन गिऱ्हाइकं आत एकमेकांवर आदळली होती, आणि त्यातलं एक अजून माझ्याकडे येत नाही.

गिऱ्हाईक पँट घालून आरशासमोर उभं राहतं. मी तोंडात टाचण्या धरून खाली बसते, काठ दुमडते, टाचते. या कामात मी दोनच वाक्यं बोलते. "हलू नका." आणि मग, "आता वळा." भले भले वळतात. एक न्यायाधीश येतात, तेही वळतात.

दुकानाच्या मागे एक खोली. तिला एकच दार, ते दुकानातच उघडतं. खिडकीला गज. तिथे माझा धाकटा भाऊ सकाळभर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि दुपारी ड्रायव्हिंग स्कूलवर गाडी शिकवायला जातो. आईवडील लवकर गेले, त्याला मी वाढवला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्याचं कॉलेजपर्यंत. त्यामुळे घरात वाद झाला की तो मुद्दा मांडतो आणि मी जिंकते.

२

"ताई, मी नोकरी सोडतोय."

"हाकलला का?"

"हाकलला नाही. मी जिंकतोय."

मला माहीत होतं तो काय खेळतो. पोकर. पत्ते. जगभरची माणसं आपापल्या घरात बसून एका टेबलावर असल्यासारखी खेळतात. त्यातही हा खेळायचा तो नो-लिमिट, म्हणजे कोणत्याही क्षणी समोरचा सगळा ढीग पुढे सरकवता येतो. मी म्हटलं, "यात कसलं कौतुक, मूर्खपणाला कुठेच लिमिट नसते."

"जिंकतोयस म्हणजे किती?"

"शंभराला वीस."

"व्याज आहे का ते?"

तो खुर्ची फिरवून बसला. त्या खुर्चीला एक कुरकूर आहे, सुतारानं दोनदा तेल घातलं तरी गेली नाही. "ऐक. प्रत्येक डावात पानं बघायच्या आधीच एकाला सक्तीनं रक्कम टाकावी लागते. तिला मोठी ब्लाइंड म्हणतात. शंभर डाव खेळल्यावर अशा किती ब्लाइंड आपल्याकडे जास्त आल्या, तो आपला दर. सगळं जग त्यावरनंच माणूस जोखतं."

"आणि चांगला दर म्हणजे किती?"

"दोन-तीन म्हणजे बरा. पाच-सहा म्हणजे फारच चांगला. टिकला तर."

"मग वीस?"

त्यानं कान खाजवला. लहानपणापासून खोटं अंगाशी आलं की तो कान खाजवतो. "वीस म्हणजे... अजून डाव कमी झालेत."

"म्हणजे नशीब."

"थोडंफार."

"नवीन कंपनीच्या चेनी आणल्या की पहिल्या दहा पँटांतली एकही परत येत नाही. म्हणून मी काय जन्मभराचा माल भरते? शंभरेक लावून बघते. तुझं खरं कधी कळणार?"

"लाखभर डाव झाले की."

"मग लाख खेळ. तोवर गाडी शिकव. लाखानंतर दर चांगला असला तर मी स्वतः तुझ्या मालकाला सांगेन, पोरगा उद्यापासून येणार नाही. नसला तर हा कॉम्प्युटरचा डबा विकून मी ओव्हरलॉक मशीन घेणार."

पैज ठरली. चहा ओतताना मी सहज विचारलं, "पण शंभराला पाच-सहा म्हणजे दिसणार तरी का रे?"

"नाही दिसत, ताई. मजा तीच आहे." तो हसत होता. "आज बघितलं तर काही नाही, उद्या बघितलं तर काही नाही. समोरच्याला वाटतं आपलं काहीच जात नाहीये. चांगला दर म्हणजे तोच, जो समोरच्याला कळत नाही. कळतो तेव्हा त्याचं सगळं गेलेलं असतं."

मीही हसले. बशीत सांडलेला चहा मी पिऊन टाकला.

३

महिन्या-दोन महिन्यांत वीसचे आठ झाले, आठाचे दोन. धाकटा गप्प झाला आणि मी ओव्हरलॉक मशीनच्या किमती विचारायला लागले.

एक काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. तो मोरीत गेला की मी खुर्चीत बसायचं. माझी पाळी आली की 'पानं टाका' हे बटण दाबायचं, म्हणजे डाव सोडून द्यायचा. कितीही चांगली पानं आली तरी टाकायची, अशी सक्त ताकीद. एकदा दोन एक्के टाकले तेव्हा मी त्या बटणाला शिवी हासडली.

टेबल म्हणजे हिरवा लंबगोल आणि भोवती सहा खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एक चित्र. कोणाचा कुत्रा, कोणाची गाडी, कोणी शर्ट काढून दंड दाखवतोय. आमच्या लगेच डावीकडच्या खुर्चीवर काहीच नव्हतं. नुसता राखाडी गोल. नावाच्या जागीही रिकामं.

मी पानं टाकली की तो टाकायचा. लगेच. दर डावाला.

"हा कोण रे?" धाकटा परत आल्यावर मी विचारलं. "खेळतच नाही. त्याच्याही घरी कोणाच्या तरी ताईला बसवलेलं दिसतंय."

धाकट्यानं वाकून पाहिलं. त्यानं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, ते प्रत्येकाच्या डोक्यावर चौकट दाखवायचं: हा शंभरातले किती डाव खेळतो, आणि त्याचा दर काय.

राखाडी गोलाच्या चौकटीत होतं: खेळतो, शून्य. दर, अधिक सहा.

"चूक आहे," धाकटा म्हणाला. "नुसती पानं टाकली तर ब्लाइंड जाऊन जाऊन माणूस खड्ड्यात जातो. शून्य खेळून कोणी जिंकू शकत नाही."

"त्याचा ढीग किती आहे?"

"बसला तेव्हा होता तेवढाच." तो पुटपुटला. "कमी नाही, जास्त नाही. पण ब्लाइंड तर जायला पाहिजेत..."

"मग सहा कसले?"

त्यानं चौकट पुन्हा उघडून पाहिली. मला तर उलट मजा वाटली. येतो, बसतो, कशाला हात लावत नाही, तोंड उघडत नाही, तरी काहीतरी वसूल करून जातो. "अरे, हा तर जावई!" मी म्हटलं. "मला मुलगी नाही म्हणून रडत होते, बघ, जावई परस्पर आला."

तेव्हापासून त्याचं नाव जावई. धाकटा रोज टेबल बदलायचा. थोड्या वेळानं डावीकडे राखाडी गोल येऊन बसायचा. दुकानातून मी ओरडायचे, "आले का जावईबापू?" तो मागून ओरडायचा, "आले!" आणि आम्ही दोघं हसायचो.

"पण डावीकडेच का बसतो?" मी एकदा विचारलं.

"कारण डावीकडचा आपल्यानंतर बोलतो. आपण काय केलं ते बघून मग ठरवतो. या खेळात जे काही सुटतं ते डावीकडे जातं, ताई. घड्याळाच्या काट्यासारखं."

"शेवटी बोलणारा जिंकतो म्हणतोस? मग मी एव्हाना राजवाड्यात पाहिजे होते."

४

मशीनवर बसणाऱ्या बाईचे कान डोळ्यांपेक्षा तिखट असतात. सुई बोथट झाली की मला आधी ऐकू येतं, मग टाका दिसतो. मागच्या खोलीचेही आवाज मला पाठ होते. खुर्चीची कुरकूर, माउसची टकटक, धाकट्याचं नाक ओढणं. त्याला बाराही महिने सर्दी. हे सगळं माझ्या मशीनच्या मागे चालू असायचं.

एका सकाळी ते थांबलं.

मी पाय थांबवला. टकटक नाही, कुरकूर नाही, नाक नाही. वाटलं, झोपला. मग सगळं एकदम परत सुरू झालं, मधूनच. नाक ओढण्याचा आवाज अर्ध्यातून आला, म्हणजे शेवटचा अर्धा. माणूस अर्धंच नाक कसं ओढेल?

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दिवसातून थोडा थोडा वेळ.

मी कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं मळ काढला, बरंच काही निघालं, आणि म्हणाला, तुमचे कान पोरींसारखे आहेत. घरी आले. मळ गेल्यामुळे ते थांबणं आणखी स्वच्छ ऐकू यायला लागलं.

"मधे मधे काय करतोस रे?" मी जेवताना विचारलं.

"कधी?"

"गप्प होतोस तेव्हा."

"मी गप्प नसतो. मी सारखा शिव्या देत असतो."

तो खरं बोलत होता. कान खाजवला नाही. त्याला काही कळतच नव्हतं. मी मनाशी म्हटलं, बाई, तुझं वय झालं. मशीनच्या आवाजानं कान भरतात. पण मशीन तर मी थांबवलेलं असायचं. हिशोब करायला माझं गणित पुरेसं नाही, तरी सकाळभर मागून जे ऐकू यायचं त्याचे शंभर भाग केले, तर न ऐकू येणारे पाच-सहा निघाले असते.

हे मनात आलं आणि मी रागानं एका चांगल्या पँटला उलटी चेन लावली.

५

शेवटी मी ठरवलं, थांबलं की लगेच आत जायचं. चपला काढून ठेवल्या, दार अर्धं उघडं ठेवलं. एका बाईचा युनिफॉर्म सैल करत होते. खूप वेळ सगळं नीट चालू होतं.

थांबलं.

मी उठले आणि आत गेले.

खुर्ची रिकामी होती.

मी दारामागे पाहिलं. कपाट उघडलं. खिडकीचे गज हलवले, वेड्यासारखे. खोलीत दुसरी वाट नाही, आणि दुकानातून कोणी गेलं असतं तर माझ्या मांडीवरून गेलं असतं. टेबलावर चहाचा कप, वाफ येत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळ चालू होता. आमची पाळी आली, आमची पानं आपोआप टाकली गेली. मग जावयाची पाळी. त्याची पानं मात्र टाकली गेली नाहीत. तो थांबला होता. राखाडी गोलाभोवती वेळेची पट्टी फिरत होती, हळूहळू.

खुर्चीवर मी शिवलेली गादी होती. माणूस उठला की तिच्यात खळगा राहतो आणि सावकाश भरून येतो. खळगा नव्हता. मी गादीवर हात ठेवला. गार. सकाळपासून कोणी बसलंच नसावं इतकी गार.

टक. जावयानं पानं टाकली.

"ताई!" धाकटा ओरडला. "माझ्या बुडाखाली तुझा हात काय करतोय?"

तो बसलेला होता. आख्खा, वजनासकट. माझी बोटं त्याच्याखाली चेपली होती.

"टाचणी," मी म्हटलं. "टाचणी पडली होती."

"मग सापडली का?"

"तुला टोचली की कळेल."

मी बाहेर येऊन पाणी प्यायले, पेला भरून, दोनदा. आणि हसायला लागले, कारण बोटं अजून दुखत होती. मग आत जाऊन मी भिंतीतली वायर उपटली.

"ताई, डाव चालू होता!"

"संपला. लाख-बिख काही नाही. पैज मी हरले असं समज, पण तुझी नोकरी सोडू नको, एवढंच."

त्यानं माझा चेहरा पाहिला आणि वाद घातला नाही. मागची खोली गप्प झाली. ते गप्प होणं साधं होतं, बंद खोलीचं असतं तसं. मी सुखानं चेनी लावल्या.

६

बँकेतल्या बाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. पन्नाशीला गाडी शिकत होत्या, माझ्याच भावाकडे. वायर काढून आठवडा उलटला असेल, त्या पँट घेऊन आल्या आणि बदलायच्या आधीच स्टुलावर बसल्या.

"ताई, तुमच्या भावाला काही जादू वगैरे येते का?"

"भांडी घासायची वेळ आली की गायब होतो. तेवढीच."

"हो ना? तसंच झालं!" त्या पुढे सरकल्या. त्या घाबरलेल्या कमी आणि खूश जास्त दिसत होत्या. "काल मी चौकात वळण घेतलं. विचारलं, बरोबर घेतलं का सर? उत्तर नाही. बघते तर शेजारची सीट रिकामी. आणि पट्टा, अहो, पट्टा लावलेला. खाली खटक्यात अडकवलेला, वर ताणलेला, माणूस बसल्यावर जसा पोटावरून फुगीर जातो ना, तसा. आत कोणी नाही."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी त्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"मग?"

"मग काय, मी किंचाळले आणि गाडी चालवत राहिले. पुढचा सिग्नल आला, ब्रेक मारला. आणि सर शेजारून म्हणाले, व्वा, ब्रेक छान मारलात." त्यांनी टाळी वाजवली. "मला उन्हामुळे भास झाला असेल. पण ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीनं गाडी चालवली!"

त्यांची पँट मी त्या दिवशी फुकट आखूड करून दिली. का, ते त्यांना कळलं नाही. मी वाकडी टाचली होती, म्हणून.

७

धाकटा आला. मी त्याला सगळं सांगितलं. गादी, बोटं, पट्टा. तो हसला, मग हसायचा थांबला, मग म्हणाला, "वायर काढलीस म्हणजे टेबलावरनं उठलो असं नसतं गं. उठायचं बटण वेगळं असतं. लाइन तुटली तर ते आपल्या वतीनं पानं टाकत राहतात. पण थोडाच वेळ. मग खुर्ची काढून घेतात."

"बघ."

त्यानं वायर लावली. यंत्र गुरगुरलं. हिरवा लंबगोल आला.

आम्ही बसलेलो होतो. कुत्रा नाही, गाडी नाही, दंडवाला नाही. चार खुर्च्या रिकाम्या. आम्ही आणि आमच्या डावीकडे राखाडी गोल. आमची पानं येत होती, टाकली जात होती. त्याची येत होती, टाकली जात होती. आठवडाभर.

धाकट्यानं 'टेबल सोडा' दाबलं. नवीन टेबल उघडलं. थोड्या वेळानं डावीकडे राखाडी.

"माझा दर काय आहे बघ," तो बारीक आवाजात म्हणाला. "पैशाचा नाही. त्याच्याविरुद्धचा." त्यानं काहीतरी दाबलं. "उणे सहा."

"सहा म्हणजे फारच चांगला, नाही का," मी म्हटलं. "टिकला तर."

त्यानं कान खाजवला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिला, लहानपणी तापात बघायचा तसा. तेव्हा माझं डोकं सणकलं. मला भीती वाटली की मी भांडायला उठते. माझ्या भावाला मी चमच्या-चमच्यानं वाढवलाय. कोणी त्याला चमच्या-चमच्यानं नेणार, आणि मी चेनी लावत बसणार?

"जे सुटतं ते डावीकडे जातं म्हणालास ना?"

"हो."

"मग आपण त्याच्या डावीकडे बसायचं."

"ताई, तो नेहमी आपल्यानंतर बसतो. तो ठरवतो."

"एकच जागा रिकामी असली तर काय ठरवेल?" मी म्हटलं. "भरलेलं टेबल शोध. दोनच जागा मोकळ्या असलेलं, शेजारी-शेजारी. आपण डावीकडची धरायची. त्याला उरेल ती उजव्या हाताची."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीत बक्षीस मिळालं तेव्हाची आठवण झाली. पाढ्यांचं नव्हतं, धावण्याचं होतं.

टेबल सापडायला सकाळ गेली. मी खुर्चीत बसले, त्याला बाजूला स्टुलावर बसवलं आणि त्याचं मनगट धरून ठेवलं. आमच्या डावीकडे दाढीवाला, त्यापुढे मांजर, त्यापुढे आणखी दोघं. उजवीकडची खुर्ची रिकामी. एरवी तो थोड्या वेळात येतो. आला नाही. मी पानं टाकत राहिले. दाढीवाल्यानं लिहून पाठवलं, झोपलात का. मी धाकट्याला म्हटलं, लिही, तुझ्या दाढीत पाखरं झोपलीत ती बघ.

एकदा माझ्या मुठीतलं मनगट हलकं झालं. मी आणखी घट्ट धरलं आणि मोठ्यांदा म्हटलं, "बसायचं तर बसा, जावईबापू! जागा एकच आहे. आमच्याकडे निवड करायची पद्धत नाही!"

उजवीकडच्या खुर्चीवर राखाडी गोल उगवला.

मनगट भरून आलं. धाकट्यानं नाक ओढलं. पूर्ण.

८

त्या दिवसापासून आमच्याकडे आनंदी आनंद. धाकट्याचं मधे मधे तुटणं बंद झालं. बँकेतल्या बाईंना परवाना मिळाला. त्या मिठाई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सर आता जरा जास्तच दिसतात, सारखे ओरडतात. मालकानं धाकट्याला दुसरी गाडी दिली. तो पोकरचं नावही काढत नाही. शिकायला येणाऱ्यांतली एक त्याला आवडते आणि तिला अजून क्लच कळत नाही, त्यामुळे घाई नाही.

टेबल मात्र मी सोडलं नाही. कॉम्प्युटर उचलून मशीनच्या बाजूला आणून ठेवला. हातानं चेन, मधूनच बटण. पानं येतात, टाकते. खेळायला मला येत नाही आणि गरजही नाही. त्यानं तरी कुठे खेळून घेतलं होतं? फक्त जागा पाहिजे. मी उठले तर तो कुठे जाऊन बसेल ते मला माहीत आहे.

"ताई, आता सोड ना," धाकटा एका संध्याकाळी म्हणाला. "ठीक आहे सगळं."

"आमचा दर काय आहे तेवढा सांग."

त्यानं वाकून पाहिलं. बराच वेळ वाकलेला राहिला.

"खेळतो, शून्य," तो म्हणाला. "दर, अधिक सहा."

"म्हणजे जिंकतेय मी."

"हो. पण ताई, काय जिंकतेयस?"

मी म्हटलं, जेव, गार होतंय.

तोवर मला ऐकू यायला लागलं होतं. धाकटा गाडीवर गेलेला असतो, मागची खोली रिकामी असते, तिथे आता काहीच नाही, नुसती खुर्ची. आणि दुपारी माझं मशीन थांबलं की मधेच एकदा कुरकूर होते. मी जाऊन बघते. गादीवर खळगा असतो आणि सावकाश भरून येत असतो. एकदा मी हात ठेवला. उबदार नव्हता. पण आधीसारखा गारही नव्हता.

९

परवा दुपारची गोष्ट. न्यायाधीशांची पँट झाली होती, धुऊन इस्त्री करून ती पडद्याच्या आत खुंटीला लावली होती. ते आले नव्हते. दुकानात कोणी नव्हतं. मी पानं टाकली आणि मान वर केली.

पडद्याखाली पाय होते.

मला वाटलं, कोणी गिऱ्हाईक आत गेलं आणि मला कळलं नाही. पण माझ्या दारावरची घंटा कोणी आलं की वाजतेच, आणि ती वाजली नव्हती. पाय शेजारी-शेजारी, अंगठे माझ्याकडे. अनवाणी. पावलांवर न्यायाधीशांची पँट पडलेली, टाचेखाली चुरगळलेली. कापड पोटरीपर्यंत भरलेलं होतं. त्याच्या वर, जिथे पडदा सुरू होतो, तिथे पडदा सरळ लोंबत होता. माणूस आत असला की पडदा खांद्याला, कोपराला कुठेतरी फुगतो. हा कुठेच फुगला नव्हता.

म्हणजे जावईबापू अजून सगळेच्या सगळे आलेले नव्हते.

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. उजवीकडचा राखाडी गोल जागेवरच होता. त्याभोवती वेळेची पट्टी फिरत होती. पाळी त्याची होती. तो थांबला होता.

ओरडावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. बाहेर रस्त्यावर पळावं असंही वाटलं. मग रस्त्यावरून धाकट्याच्या गाडीचा हॉर्न आला, तो नेहमी दुकानासमोरून जाताना दोनदा वाजवतो, आणि खिडकीतून मला तो दिसला. शेजारी ती क्लच न कळणारी. तो हात हलवत होता आणि सगळाच्या सगळा होता, ओरडणाऱ्या तोंडासकट.

मी हात हलवला. मग बसले मशीनजवळ.

आता हा येणार. थोडा थोडा, शंभराला सहा. पोटऱ्या आल्या आहेत, गुडघे येतील, एक दिवस पडदा खांद्याला फुगेल. तो दिवस कधी, ते मला नको कळायला. पण उठायचं नाही, हे ठरलेलं आहे. आणि एक सांगते, ज्याला यायचंच आहे त्यानं माझ्या दुकानात टाचेखाली चुरगळलेली पँट घालून उभं राहिलेलं मला चालणार नाही. तीही न्यायाधीशांची.

मी तोंडात टाचण्या घेतल्या, पडद्यापाशी जाऊन खाली बसले. काठ उचलला, दुमडला. पाऊल बोटाला लागलं. कोमट होतं.

"हलू नका," मी म्हटलं.

हललं नाही. मी पुढून आणि दोन्ही बाजूंनी नीट टाचलं, काठ सरळ आला. मागची बाजू राहिली होती. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"आता वळा."

वळले.